गोमाबाईंचा ढीग

गोमाबाई राठोड गेल्याचं मला आखाडा बाळापूरच्या बाजारात कळलं. महिना होत आला. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून निघालो, पण तांड्यावर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचा मला अजून राग आहे, कोणावर ते कळत नाही.

हळदीच्या शेडमध्ये मी हजेरी मांडतो, त्या हळकुंडं निवडायच्या. तांड्यावरच्या चाळीसेक बायकांचा एक रिवाज होता. शेवटच्या बाईचा ढीग संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. जिचं लवकर आटपेल तिनं मागे राहिलेलीला हात लावायचा, मग सगळ्यांनी मिळून घरी चालत जायचं. डोळे अधू झाल्यापासून मागे राहायच्या त्या गोमाबाईच. मालकानं शेड हिंगोलीला हलवायचं ठरवलं, तेव्हा बायकांनी याच रिवाजाचा संप केला. लेकरं टाकून रोज तेवढं लांब कोण जाणार? हळद पॉलिश करायचं मशीन न्यायला ट्रक आला त्या सकाळी सगळ्या मशीनभोवती बसल्या. गोमाबाईंपुढे पाच-सहा हळकुंडं होती आणि त्यांना कोणी हात लावीना. "माझा ढीग व्हायचा हाय," एवढंच त्या म्हणत.

दुपार कलली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मॅनेजर माझ्या कानाशी आला. "तो ढीग तू पोत्यात टाक. रिवाज त्यांचाच आहे, उठतील. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." घरात कमावणारा मी एकटा... चाळीस बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. गोमाबाई हळूच म्हणाल्या, "करा भाऊ, तुमचं काम हाय. आमी काही म्हणणार न्हाई." मी वाकलो. पोत्यातली ओंजळभर हळकुंडं काढली आणि त्यांच्या ढिगात ओतली. ट्रक रिकामा गेला. हंगाम तोंडावर होता, आठवडाभरात मालकानं हात टेकले. शेड बाळापुरातच राहिली, मीही कसाबसा राहिलो आणि ही गोष्ट पुढं छाती फुगवून सांगत आलो.

शेवटच्या भेटीत त्या खाटेवर पडल्या पडल्या हसल्या. "खरं सांगू का भाऊ... त्या दिवशी माझे पाय पार मेले व्हते. तुमी हळद उचलाल अन् म्या सुटंन, याचीच वाट पाहून राहिले व्हते. तुमी तर अजून टाकली. मंग कसं उठावं?"

माझी फुगलेली छाती तिथंच बसली. पण त्या दुखऱ्या पायांनिशी त्या संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या, हे आठवून आता फार भरून येतं.

शेडमध्ये खिडकीखालची त्यांची जागा अजून मोकळी आहे. काल मॅनेजर म्हणाला, तिथं पोती रचून घे. मी म्हणालो, तिथं जागा नाही.