लीलाकाकूंकडे किती माणसं मावतात

लीलावती सबनीस यांना इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सची मराठी मंडळी लीलाकाकू म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, घर चार बेडरूमचं, आणि राहणाऱ्या त्या एकट्या. त्यांचे यजमान डॉ. विनय सबनीस जाऊन सहा वर्षं झाली. काकूंनी स्वतः अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये नोकरी केली. वॉर्डावॉर्डांत चादरी, उशा, पांघरुणं जातात ती तिथून. डॉक्टरच्या बायकोने चादरी मोजाव्यात हे त्या काळी इथल्या मराठी मंडळातल्या काही जणींना रुचलं नव्हतं. काकू त्यांना म्हणायच्या, "डॉक्टर एका वेळी एकच पेशंट बघतो. चादर सगळ्यांना लागते."

२०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधून लोक बाहेर पडू लागले, आणि ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी नाव नोंदवावं असं आवाहन झालं. आमच्या भागात किती जण येतील, कधी येतील, येतील तरी का, हे शहराचा कारभार बघणाऱ्या काउन्सिललाही सांगता येत नव्हतं. तयारी मात्र हवी होती. तयारी हा शब्द ऐकल्यावर काकूंना घरात बसवेना. त्यांनी मला फोन केला.

"चैत्राली, लॅपटॉप घेऊन ये. फॉर्म भरायचाय. आणि गिरीशला काही बोलू नकोस."

गिरीश म्हणजे त्यांचा मुलगा. तो तासाभराच्या अंतरावर, मेडनहेडला असतो. आईने एवढ्या मोठ्या घरात एकटीने राहू नये, हे घर विकावं आणि आपल्या घराजवळच्या फ्लॅटमध्ये यावं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याचं चुकत होतं असंही नाही. मागच्या हिवाळ्यात काकू जिन्यावरून दोन पायऱ्या घसरल्या होत्या, आणि ते त्याला आठ दिवसांनी कळलं होतं.

"फ्लॅट चांगला आहे गं," काकू म्हणाल्या. "पण खिडकीतून दिसतं काय, तर दुसऱ्याची खिडकी. मी त्याला सांगितलंय, एप्रिल संपेपर्यंत या घरात कोणी राहायला आलं नाही, तर लाव तुझी 'फॉर सेल'ची पाटी."

"म्हणजे घर वाचवायला तुम्ही निर्वासित ठेवणार?"

"पाहुणे म्हण. त्यांना घर हवंय, मला माणसं हवीत. यात लाजायचं काय?"

फॉर्म सोपा होता. नाव, पत्ता, घरात कुत्रा आहे का, सिगरेट ओढता का. मग प्रश्न आला: या घरात जास्तीत जास्त किती माणसं झोपू शकतात?

काकूंनी डोळे मिटले आणि बोटं मोजायला सुरुवात केली. "अठ्ठ्याण्णव साली नागपूरहून नाटक आलं होतं. मंडळाने केलेलं हॉटेलचं बुकिंग ऐन वेळी फिसकटलं. सगळी कंपनी इथे उतरली. नायिका आणि तिची आई छोट्या खोलीत. मोठ्या खोलीत सात बायका. हॉलमध्ये आडवे नऊ पुरुष. तबलजी जिन्याच्या लँडिंगवर, त्याला उकडायचं. दिग्दर्शक सोफ्यावर. पेटीवाला डायनिंग टेबलाखाली, तो हौसेने. आणि खलनायक जिन्याखालच्या कपाटात, दार उघडं ठेवून. इतका सोज्वळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. किती झाले?"

"बावीस."

"शिवाय आम्ही तिघं. पण आम्हाला धरू नकोस, आम्ही घरचे."

मी बावीस टाइप केलं. माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर चालतं. चौकटीने आकडा घेतला म्हणजे तो बरोबर असतो असं नाही, हे मी ऑफिसात रोज कोणाला तरी ऐकवते. पण काकू इतक्या आत्मविश्वासाने बोलत होत्या, की मी सरळ 'सबमिट' दाबलं.

पुढचे दहा दिवस काकूंच्या अंगात वारं शिरलं होतं. सगळे पडदे धुवून झाले. गरम पाण्याच्या पिशव्या भरून, उलट्या धरून, कुठली गळते ते बघून झालं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी अंथरुणं मागितली, तर अंथरुणांबरोबर लिंबाच्या लोणच्याच्या चार बरण्या आल्या.

"लढाईतून आलेल्या माणसाला लोणचं?" मी विचारलं.

"त्यांनी नाही खाल्लं तर तू आहेस की."

अकराव्या दिवशी काउन्सिलचं पत्र आलं. ते पाहुण्यांबद्दलचं नव्हतंच, दुसऱ्याच विभागाचं होतं. या पत्त्यावर ठरल्यापेक्षा बरीच जास्त माणसं राहत असल्याचं, कदाचित विनापरवाना भाड्याने राहत असल्याचं, दिसून येतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी प्रत्यक्ष खात्री करायला येतील. फॉर्मवरचा बावीसचा आकडा कुठून तरी फिरत फिरत त्या टेबलावर पोचला असणार.

हे पत्र काकूंनी एकटीने वाचलं, आणि त्यातला एकच शब्द मनावर घेतला. खात्री.

गुरुवारी सव्वानऊला त्यांचा फोन आला. "अगं, त्यांचा विश्वास बसलेला नाही. बघायला येतायत. येऊन जा, आमचं खरंय म्हणून सांगायला." त्यांनी पत्राचा फोटो पाठवला. तो वाचला आणि मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून गाडी काढली. वाटेत अकरा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात. प्रत्येकावर मला नवीन घाम फुटत होता.

पोचले तर दारात गिरीश. त्याला तोच फोन आठ वाजताच गेला होता.

"बावीस?" तो मला म्हणाला. "तू इंजिनिअर आहेस ना?"

मी तशीच आत गेले, आणि हॉलच्या दारातच थबकले.

हॉलमध्ये ओळीने नऊ अंथरुणं घातलेली होती. चादरींचे कोपरे हॉस्पिटलसारखे कडक दुमडलेले, प्रत्येक उशीवर घडी घातलेला टॉवेल. लँडिंगवर एक, सोफ्यावर एक, टेबलाखाली एक. जिन्याखालच्या कपाटात एक, तिथे वाचायला छोटा दिवासुद्धा. काकू पहाटेपासून राबत होत्या, आणि आता इस्त्रीची साडी नेसून, हात पुसत उभ्या होत्या.

"मोजून घे," त्या मला म्हणाल्या. "बरोबर बावीस आहेत."

"आई, उचल! सगळं उचल!" गिरीशने पहिली गादी गुंडाळायला घेतली.

"हात लावायचा नाही. मी खोटं बोलले असं व्हायला हवंय का तुला?"

तेवढ्यात बेल वाजली.

डेनीस नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. हातात टॅब, खांद्याला मोजपट्टी. त्यांनी काकूंच्या सांगण्यावरून बूट काढले, हॉल बघितला, टेबलाखाली वाकून बघितलं. कपाटातला दिवा लावला, बंद केला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मिसेस सबनीस, ही माणसं आत्ता कुठे आहेत?"

"यायचीयत."

"कोण पाठवतं त्यांना?"

"म्हणजे काय? तुम्हीच!"

डेनीसबाईंनी टॅब खाली केला. गिरीश मध्ये पडून भराभर खुलासा करू लागला. नाटक, नागपूर, खलनायक, माझा फॉर्म. इंग्रजीत ते सगळं आणखीच संशयास्पद वाटत होतं. डेनीसबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"या घरात बावीस माणसं शेवटची कधी झोपली?"

"अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात," काकू म्हणाल्या.

"आणि काल?"

"काल एक."

डेनीसबाईंनी ते लिहून घेतलं. एक आकडा लिहायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ लागला. गिरीश हातातल्या गादीकडे बघत होता.

मग त्यांनी मोजपट्टी काढली. खोली खोली मोजली, वरच्या मजल्यावर धुराचा आणखी एक अलार्म लावायला सांगितला. कपाट, टेबल, लँडिंग यांपैकी काहीही धरता येणार नव्हतं. "तुमच्या खोलीशिवाय, पाहुण्यांसाठी चार," त्यांनी निकाल दिला.

"चार?" काकूंचा चेहरा पडला. "एवढ्या घरात चार? सहा तरी करा."

"चार, मिसेस सबनीस."

"पाच. एक लहान मूल धरा."

"आई, भाजी नाहीये ही," गिरीश पुटपुटला.

"चार," डेनीसबाई म्हणाल्या, पण आता त्यांना हसू आवरत नव्हतं. चौकशी बंद करते, आणि पाहुण्यांचं काम बघणाऱ्या विभागाला घर योग्य आहे असं कळवते, म्हणाल्या. चहा घेतला. लोणच्याची एक बरणी त्यांच्या हातात कशी गेली, ते त्यांनाही कळलं नसावं.

त्या गेल्यावर गिरीश बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. इस्टेट एजंटला तो म्हणाला, पाटी नको, निदान या वर्षी नको. मग आत येऊन आईसमोर उभा राहिला. "आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल. आणि पडलीस तर त्याच दिवशी सांगायचं."

"दोनदा."

"आई!"

"बरं बाबा, तीनदा. आता त्या गाद्यांच्या नीट घड्या घाल, वळकट्या करू नकोस."

पुढच्या मंगळवारी पाहुण्यांचं काम बघणाऱ्या विभागाचा फोन आला. बाकी लोक आई आणि मूल एवढंच घ्यायला तयार होते. एक कुटुंब त्यामुळे अडकून पडलं होतं. आई, दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांची आजी. आजीला सोडून यायला ते तयार नव्हते. काकूंनी विचारसुद्धा न करता हो म्हणून टाकलं. विचार नंतर सुरू झाला. संध्याकाळी गेले तर त्या ओट्यापाशी, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"चैत्राली, आजी येतेय म्हणजे तिला स्वयंपाक येतच असणार."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? ओटा एक, बायका दोन, आणि भाषेचा पत्ता नाही. तुझ्या त्या फोनवर बघ, 'तुम्ही बसा, मी करते' हे त्यांच्याकडे कसं म्हणतात."

मी शोधून दिलं. काकूंनी ते पाच-सहा वेळा म्हटलं, दरवेळी वेगळं. मी विचारलं, "आणि 'या, तुम्ही करा' हेही शोधू का?"

काकूंनी ओट्यावरून एकदा हात फिरवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ते दुसऱ्या आठवड्यात बघू."