समोरचं हॉस्पिटल

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. बाई तिरसट मुळीच नव्हती. ‘नाही’ ऐकून घ्यायची सवय तेवढी नव्हती, आणि त्याला कारण होतं रस्त्यापलीकडचं हॉस्पिटल.

इकडच्या साहेबांनी हातमोज्यांत काटकसर केली, कुणाची रजा अडवली, की ही एप्रन काढायची, नीट घडी घालून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, “बरं, येते मी. समोर जागा आहेच.” निम्मा रस्ता ओलांडायच्या आत शिपाई धापा टाकत मागे हजर. “ताई, साहेब बोलावतायत!” एकदा तर तो आधीच फाटकात उभा होता. म्हणाला, “म्हटलं, पळायचा त्रास कशाला!” रुग्णांच्या नातेवाइकांनाही हा डाव पाठ होता. ‘समोर नेतो’ म्हटलं की एक्स-रे स्वस्त व्हायचा.

मग दोन्ही हॉस्पिटलं एकाच कंपनीने घेतली. पाट्या सारख्या झाल्या, भिंतींना सारखा रंग लागला. पाठोपाठ समोरचा बाळंतपणाचा विभाग बंद पडला, एक्स-रे महागला आणि थोरलीच्या वॉर्डातली दुसरी नर्स काढून घेतली. सगळ्या खाटांना एकच बाई!

एका दुपारी खिडकीजवळच्या आजींचं सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढायला लागलं. थोरली तेव्हा दुसऱ्या टोकाला ओकणाऱ्या माणसाला धरून उभी. आजींचा आवाज तो केवढा! हाक पोचली तेव्हा नळी निसटून चादर लाल झाली होती. निभावलं, पण थोरलीचं डोकं फिरलं. वॉर्डात मावशींना बसवून ती तडक ऑफिसात गेली.

“मॅडम, दुसरी नर्स द्या.”

“बसत नाही हो हिशेबात,” कंपनीने नेमलेल्या नव्या मॅनेजरबाई म्हणाल्या.

एप्रन निघाला, घडी झाली. “मग मी समोर जाते.”

“या जाऊन.”

मालक एक झाला हे थोरलीला कळत का नव्हतं? पण पाटी बदलल्याने माणसं थोडीच बदलतात, तिकडच्या मेट्रन जुन्या ओळखीच्या, असा तिचा हिशेब. रस्त्याच्या मध्यावर तिचे पाय आपोआप मंदावले. मागे कुणी धावत येत नव्हतं. एक स्कूटरवाला मात्र ओरडून गेला, “ओ बाई, झोपताय का!”

मेट्रन तिला पाहून ओशाळल्या. “अगं, माणसं घेणं आता माझ्या हातात कुठे राहिलंय? बस जरा. त्या येतीलच.”

ती बसली. बऱ्याच वेळाने काचेचं दार उघडलं आणि आत आल्या त्याच मॅनेजरबाई, काखेत तीच फाईल.

“तुम्ही इथे?” थोरली उठलीच.

“दुपारनंतर इथेच असते मी. बसा ना. हे बघा, तिकडे राजीनामा दिलात तर इकडे घेता येत नाही. परत तिकडे यायचं तर नवीन म्हणून, नव्या पगारावर. त्यापेक्षा एप्रन आहे तिथेच आहे. काही झालंच नाही असं समजू.”

“आणि दुसरी नर्स?”

“सिस्टर, तुम्ही जाणार कुठे?”

बाईंच्या स्वरात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साधं विचारलं होतं. तिसरं हॉस्पिटल पुढच्या गावी, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडणार. आणि वॉर्डात मावशी एकट्या.

फाटकात शिपाई खाली बघत उभा होता. “ताई, मला कुणी पाठवलंच नाही हो.”

“तुझं काय चुकलं त्यात?” म्हणत ती आत गेली. एप्रन घातला आणि वॉर्डात येऊन थेट टोकाची खाट धरली. “मावशी, उचला तिकडून. सगळ्या खाटा माझ्या खुर्चीभोवती आणायच्या. जागेवरून सगळे दिसले पाहिजेत मला.”

खाटा करकरत सरकल्या. आजी कुरकुरल्या, “माझी खिडकी गेली की गं.”

“गेली. पण तुम्ही दिसाल मला.”

मावशींनी कमरेवर हात ठेवून नवी मांडणी न्याहाळली. “झकास जमलंय. आता मॅडम बघतील आणि म्हणतील, एकीतच भागतंय की.”

थोरलीचा हात खाटेच्या दांडीवर तसाच राहिला. आजींच्या नळीकडे तिने एकदा पाहिलं.

“उचला, मावशी,” ती म्हणाली. “अजून चार राहिल्यात.”