पडद्यावर सोपान पाणी पीत होता

फोटोत भूत आलंय म्हणून माझ्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिलीत. कुणाच्या अल्बममध्ये नवरीच्या खांद्यामागं पांढरा धूर, कुणाच्या बारशाच्या फोटोत पाळण्यावर दोन डोळे… मी फोटो ट्यूबलाईटखाली धरतो आणि सांगतो, हा उदबत्तीचा धूर आणि हा कपाटाच्या आरशात चमकलेला फ्लॅश. बिचारे हिरमुसले होऊन जातात. त्यांना भूतच पाहिजे असतं, त्याला मी काय करू? हिंगोलीत नव्वद सालापासून माझा फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. स्मशानाजवळच्या मंगल कार्यालयात अमावास्येचीसुद्धा शूटिंग केलीय, कधी काही वाटलं नाही.

असा मी, आणि आज मीच इथं लिहायला बसलोय. बायको म्हणाली, लोक हसतील. हसू देत. मीही लोकांना कमी हसलेलो नाही.

गोष्ट सोपानची आहे. तो सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा, मेंढ्या राखणाऱ्या घरचा पोरगा. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास त्याच्या कॅसेट निघाल्या, आणि मग आमच्या भागात एक काळीपिवळी जीप अशी नव्हती की जिच्यात त्याचं गाणं वाजत नाही. कॅसिओ, ऑक्टोपॅड, अंगात चमकीचं जाकीट, केसाला ही एवढी जेल, आणि पायात मात्र मेंढक्याच्या जाड वहाणा. 'पॉपस्टार' हे नाव लोकांनी आधी टिंगलीनं ठेवलं होतं. पण पोरगं स्टेजवर उभं राहिलं की टिंगल करणारेच पुढं जाऊन नाचायचे.

त्याची एक खास गोष्ट होती. गाणं ऐन रंगात आलं की वाद्यं थांबवायची, हात कानावर ठेवायचा आणि हाळी द्यायची, मेंढरांना देतात तशी, "हुर्रर्र… हेऽऽऽ!" समोरची सगळी गर्दी तशीच हाळी परत द्यायची. अंगावर काटा यायचा राव, खोटं कशाला बोलू.

हिंगोलीतल्या त्याच्या एका मोठ्या प्रोग्रॅमची शूटिंग मी केली. सीडी काढून विकायची असं ठरलं होतं. पण सीडी निघायच्या आधीच सोपान गेला… काविळीचं निमित्त झालं. लग्नसुद्धा झालं नव्हतं त्याचं. मग त्याचा कॅसिओवाला उत्तम आणि मी, आम्ही ठरवलं की ही फिल्म नीट तयार करायची आणि गावोगाव फुकट दाखवायची. मधेमधे त्याच्या सोबत्यांच्या आठवणी टाकल्या. नांदेडच्या एका स्टुडिओत बसून सगळी कापाकापी मी स्वतः केली. कुठं कुणाचा हात हालतो, कुठं कोण शिंकतो, सगळं मला पाठ होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

काय तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली त्या फिल्मपायी! कुरुंद्याला लोकांनी पडद्याकडं बघून 'वन्स मोअर'चा असा गिल्ला केला की मला रिमोट घेऊन गाणं मागं न्यावं लागलं. मेलेल्या माणसाला वन्स मोअर देणारं गाव मी तिथं पाहिलं. पुसेगावला एका म्हातारीनं पुढं येऊन पडद्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. दृष्ट काढली त्याची. मी मनात म्हटलं, आता कसली दृष्ट लागणार त्याला… पण डोळ्यांत पाणी आलं, ते आलंच. आणि जागोजागी असे बहाद्दर भेटले जे सोपानला बघतच नव्हते. ते गर्दीत स्वतःला शोधत होते. "थांब थांब, मागं घे, तो टोपीवाला मीच हाय!" एकजण तर तीन गावं आमच्या मागं फिरला, स्वतःचं डोकं बघायला.

फिल्ममध्ये एक जागा अशी होती की तिथं प्रत्येक गाव शांत व्हायचं. दोन गाण्यांच्या मधे सोपान स्टेजच्या कडेला येतो, तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पितो आणि मग कॅमेऱ्याकडं बघून हसतो. बाकी काही नाही. पण त्या पाणी पिण्यात तो इतका जिवंत दिसायचा की लोक नुसते बघत राहायचे.

साखऱ्याला मात्र आम्ही फिल्म नेली नव्हती. त्याची आई, गयामाय, म्हणाली होती की वर्ष होऊ द्या. तिनं घरातला त्याचा फोटोसुद्धा भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. मग वर्षश्राद्धाचा दिवस ठरला. आणि नेमकी त्याच्या आधी गारपीट झाली. ही लिंबाएवढी गार! गयामायची मेंढरं तेव्हा रानात होती. काही जागेवर मेली, बाकी सगळी उधळली ती डोंगराकडं गेली आणि दिसेचनात.

त्या मेंढरांवर तिचं सगळं होतं. नवरा आधीच गेलेला, मग पोरगा गेला. पोरगी वसमतकडं दिलेली. जावई चांगला माणूस, पण तो म्हणाला, मामी, आता हितं काय उरलं, घराला कुलूप घाला आन् आमच्याकडं चला. तिला जायचं नव्हतं. लेकीच्या दारात बसून खाणं आपल्याला जमायचं नाही, असं तिनं उत्तमला सांगितलं होतं. पण मेंढरं नाहीत तर गावात राहून करणार काय? ती रोज डोंगराच्या कडेनं हाळ्या देत हिंडली. आम्ही पोचलो तेव्हा तिचा घसा पार बसलेला, बोललेलं जवळ जाऊन ऐकावं लागायचं. जावई टेम्पो घेऊन आलेलाच होता. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं.

मी म्हटलं, माय, फिल्म राहू द्या, पुन्हा कधी दाखवू. तर मान हलवून म्हणाली, "पुना कधी? उद्या मी हितं न्हाई. दाव आजच."

शाळेच्या मोठ्या खोलीत दुपारी फिल्म लावली. अंधार पाहिजे म्हणून गावानं आपापली घोंगडी आणून खिडक्यांना आणि दाराला लावली. प्रोजेक्टर एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून मागून आणलेला. लाईट गेलेली होती, म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर बाहेर भिंतीलगत धडधडत होता. गयामायला पुढं बसवलं होतं. सुरुवातीला तिनं पदरात तोंड लपवलं. मग हळूहळू एक डोळा बाहेर आला, मग दुसरा. लोक टाळ्या वाजवायला लागले, ती मात्र नुसती बघत होती. गर्दीला दिलेली ती फेमस हाळी आली तेव्हा सगळ्या खोलीनं हाळी परत दिली, आणि गयामाय पहिल्यांदा हसली. मी तिच्याकडंच बघत होतो, म्हणून सांगतो.

मग ती पाणी पिण्याची जागा आली. सोपान कडेला आला, तांब्या तोंडाला लावला.

आणि हाळी आली.

'हुर्रर्र' करणारी नव्हे. ही वेगळीच होती. लांब, खालच्या पट्टीतली, चिडलेल्या लेकराला समजावतात तशी, आणि शेवटी जिभेचा टक् टक् असा आवाज. आवाज सोपानचा, त्यात वादच नाही. पण पडद्यावर त्याचं तोंड तांब्याला होतं हो! गळ्याची घाटी वरखाली होतेय, पाणी हनुवटीवरून गळतंय, आणि आवाज येतोय. पुन्हा एकदा आली. मग तिसऱ्यांदा.

पहिलं मनात आलं ते असं की कुणीतरी खोलीतच नक्कल करतंय. मागं वळून पाहिलं तर सगळे आ वासून बसलेले. उत्तमनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. पडद्यावर सोपान हसला आणि पुढचं गाणं सुरू झालं, नेहमीसारखं.

गयामाय उभी राहिली. त्या बसलेल्या घशानं म्हणाली, "ही घरची हाळी हाय."

आणि दाराकडं चालायला लागली. मी मशीन बंद केली. लोक कुजबुजत होते, बाया रडत होत्या, जावई म्हणत होता, मामी, बसा, मामी, उन्हात जाऊ नका. ती कुणाचं ऐकून राहिली नव्हती. दारातलं घोंगडं बाजूला करून ओट्यावर उभी राहिली, आणि आम्ही तिच्या मागं. किती वेळ गेला कोण जाणे. मग विहिरीच्या वळणावर धूळ दिसली.

मेंढरं येत होती. पळत नव्हती, घाबरलेली नव्हती, संध्याकाळी वाड्यावर येतात तशी एकामागं एक, पुढं फाटक्या कानाची थोरली मेंढी. शाळेच्या मैदानात आली आणि गयामायच्या भोवती थांबली. तिनं आरडाओरडा केला नाही. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत गेली, आणि सगळ्यांवरून हात फिरल्यावर खाली मातीत बसून मोकळेपणी रडली. गारांत मेलेली सोडली तर एकसुद्धा कमी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आवाज बाहेर गेला असेल, मेंढरांनी ऐकला असेल. मीही आधी हेच म्हटलं. पण खिडक्यांना घोंगडी, बाहेर तो जनरेटर… मंडपवाला त्याच्याच शेजारी बिडी ओढत बसला होता, त्याला विचारलं तर म्हणाला, आतून टाळ्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत. मेंढरं येताना मात्र आमच्याआधी त्यानंच पाहिली. बरं, मेंढरं आपसूक यायला निघाली असतील, ती वेळ योगायोगानं जुळली, असंही धरून चालू. मग हाळीचं काय?

संध्याकाळी गयामायनं सगळ्यांना चहा केला तेव्हा सांगितलं. प्रत्येक घरची मेंढरं बोलवायची हाळी वेगळी असते. ही सोपानच्या आज्यापासून चालत आलेली. ती गंमत म्हणून द्यायची नसते, कारण हाळी ऐकून मेंढरं आली आणि बोलावणाऱ्याचं काही काम नसलं, तर पुढच्या वेळी ती येत नाहीत. म्हणून सोपाननं स्टेजसाठी 'हुर्रर्र'वाली दुसरीच बनवली होती.

हे ऐकलं आणि मला शूटिंगचा दिवस आठवला. मी त्याला म्हटलं होतं, सोपान, कॅमेऱ्यासाठी एकदा अस्सल हाळी दे ना गड्या. तर हसत म्हणाला, "दादा, आन् मेंढरं आली मंग? त्येंला काय सांगू, काहून बोलावलं म्हणून?" मला तेव्हा वाटलं, पोरगं भाव खातंय.

दुकानात आल्यावर मी ती डिस्क लावली. सोपान पाणी पितो, मागं गर्दीचा गोंगाट, बस्स. मूळ टेप काढल्या, दोन्ही कॅमेऱ्यांच्या. काही नाही. उत्तमनं स्पीकर, वायरी, सगळं उघडून पाहिलं. त्यानंतर आणखी गावांत फिल्म दाखवली, पाणी पिण्याची जागा आली की मी स्पीकरला कान लावायचो… पण हाळी पुन्हा आली नाही. त्या दिवशी खोलीत शे-दीडशे माणसं होती. आजही साखऱ्यात कुणालाही विचारा. आणि समजा माणसांना एकदम भास झाला, मेंढरांना कसा होईल?

जावयाची गाडी दुसऱ्या दिवशी रिकामीच वसमतला गेली. गयामाय राहिली. कळप वाढला, आता पुतण्या हाताखाली आहे. सोपानचा फोटो भिंतीवर सरळ लागलाय आणि त्याला हार नाही. ती म्हणते, हार कशाला, येऊन जाऊन असतो तो. तिचा घसा सुटला, पण आवाज पहिल्यासारखा झाला नाही. पुतण्यालाच तिनं घरची हाळी शिकवली.

ज्यांना आवाजाच्या मशिनीतलं कळतं त्यांनी जरूर सांगावं, माझी मान खाली घालायची तयारी आहे. मागच्या महिन्यात साखऱ्याला एका लग्नाच्या शूटिंगला गेलो होतो, तेव्हा गयामायकडं थांबलो. म्हटलं, माय, मी सगळ्या टेप परत परत ऐकल्या, त्यात कुठंच ती हाळी नाही हो.

ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. वर न बघता म्हणाली, "तुह्या टेपात कशाला असंल? ती मेंढरासाठी होती."

कोकरू दूध पिऊन झाल्यावर तिनं मला जेवायला वाढलं.