प्लेटीतली संत्रागोळी

स्टेजवर टेबल होता. टेबलावर काचेची प्लेट. ताईनं पर्समधून एक संत्रागोळी काढली, प्लेटीत ठेवली अन् माइकवर म्हणाली, "बघू या, आता तरी थांबते का."

हॉल हसला.

पहिल्या रांगेतले प्राध्यापक हसले. मागचे पोट्टेपोट्टी हसले. कप उचलणारा माणूसही हसला, काऊन तर सगळेच हसून राह्यले होते. मी प्लेटीसमोर उभी. गळ्यात मायची मण्यांची माळ. ती माळ मी रोज घालत नाई. ताईनंच आदल्या दिवशी फोन करून सांगतलं होतं, "तुझ्या आईची ती माळ घालून ये गं, छान दिसते तुला." मले वाटलं, प्रेमानं म्हणून राह्यली. घालून गेली मी. बावळटासारखी.

माझ्या मागं पडद्यावर माझाच लहानपणचा फोटो होता. आश्रमशाळेचा फ्रॉक, तेल लावून चप्प बसवलेले केस, एक गाल फुगलेला. गालात गोळी. फोटोखाली लिहिलं होतं, 'तात्काळ सुखाची ओढ. आत्मनियंत्रणाचा अभाव. आदिवासी बालक, जिल्हा गडचिरोली.'

नाव नाई. बालक.

त्या दिवशी माझा पीएचडीचा विषय सगळ्यांसमोर जाहीर होणार होता. ताई माझी गाईड. तिनंच म्हणलं होतं, "उद्या तुझा विषय मांडू, तू फक्त स्टेजवर ये." मी धानोऱ्याकडून पहिल्या बसनं निघाली, गडचिरोलीत बस बदलली, चंद्रपुरात उतरली ते सरळ कॉलेजच्या हॉलात. मनात एकच. आज आपला विषय लोक ऐकतीन.

माझा विषय सांगते आधी, नाई तर माझा राग समजणार नाई.

आमच्या गावात आंब्याचं पंडुम असते. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. झाडाले आंबे लागतात, मोठे होतात, पिकतात, वाऱ्यानं खाली पडतात. कोणी हात लावत नाई. गायता, म्हणजे आमच्या गावचा पुजारी, देवापुढं पहिला आंबा ठेवतो, मंग सारं गाव खाते. त्याच्या आधी नाई. चालायला लागलेलं लेकरूही नाई. लेकरं झाडाखाली खेळतात, पायाजवळ पिवळाधम्मक आंबा पडतो, वास नाकात जाते, अन् लेकरं त्याले ओलांडून जातात. कोणी काठी घेऊन उभं नसते. मी अशीच मोठी झाली. मले अभ्यास करायचा होता का हे लेकरं थांबतात कसे. काय म्हणतात स्वतःले. एकमेकाले कसं सांभाळतात.

हा विषय मले ताईच्याच शिकवण्यातून सुचला होता. ते मी नाकारत नाई.

ताईची अन् माझी ओळख त्या संत्रागोळीपासूनची. मी आश्रमशाळेत होती, लहान. शहरातून एक बाई आली. खांद्यावर झोळी, गळ्यात कॅमेरा. आम्ही मॅडम म्हणलं तर म्हणाली, "मॅडम नको, ताई म्हणा." आम्हाले कोण असं म्हणते? आम्ही खूश. एकेकाले वर्गात बोलावून राह्यली होती. बाकीचे दारासमोर रांगेत. माझा पहिला नंबर. समोर प्लेट, प्लेटीत गोळी. ताईनं सांगतलं, "मी बाहेर जाऊन येते. तोवर खाल्ली नाहीस, तर दोन देईन." आमच्या स्वयंपाकीण मावशीनं मले ते गोंडीत समजावलं. अन् दोघी बाहेर गेल्या.

दार उघडंच. दारात माझ्या वर्गातल्या पोरी. सगळ्याइचे डोळे प्लेटीवर.

आता तुम्हीच सांगा. खायची वस्तू समोर आहे, सोबतच्या पोरी पाहून राह्यल्या, अन् म्या तिथं एकटीनं राखत बसायचं? कायले? दुसरी मिळावी म्हणून? अन् मिळाली तरी दोन्ही माझ्याच तोंडात? आमच्या घरी असं केलं असतं तर मायनं उभी सोलली असती. मी गोळी उचलली, फ्रॉकच्या टोकात धरली, चिमणीच्या दातानं फोडली. भुगा झाला. बाहेर जाऊन वाटला. कोणाले कण, कोणाले नुसता वास. शेवटी उरला तो तुकडा मी गालात टाकला. तेवढ्यात ताई आली अन् कॅमेरा उचलला.

तिनं विचारलं होतं. हे मले पक्कं आठवते. "का नाही थांबलीस?" मावशीनं तिचं बोलणं गोंडीत केलं, अन् मी सांगतलं, "सगळ्या पाहून राह्यल्या होत्या, म्हणून वाटली." मावशीनं ते मराठीत करून ताईले सांगतलं. ताई हसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तो हात मी कितीतरी वर्षं डोक्यावर घेऊन फिरली.

मंग दहावी झाली, बारावी झाली, गडचिरोलीत बीए, मंग एमए. मानसशास्त्र घेतलं. घरच्याइले ते नावही म्हणता येत नव्हतं. पीएचडीच्या मुलाखतीत टेबलापलीकडं ताई बसलेली. गाव विचारलं, शाळा विचारली, अन् उठून उभी राह्यली. "अगं, तू ती संत्रागोळी!" सगळ्यांसमोर मले मिठी मारली. मी रडली. शहरात माझं कोणी नव्हतं अन् अचानक माहेर मिळालं.

तिच्या घरी जेवली मी. पाहुणे आले का ती सांगायची, "हिनं काय केलं माहितीये? गोळी फोडून सगळ्यांना वाटली! मी थक्क झाले." पाहुणे वा वा करायचे. म्हणजे तिले माहीत होतं. विसरली असती तर मी माफ केलं असतं. ती दर वेळी सांगायची.

अन् आमच्या गावालेही आली ती. आंब्याच्याच दिवसांत. अंगणात आंबा पडला, तिनं वाकून उचलला. माय धावत गेली, तिच्या हातातून काढून घेतला अन् मले म्हणाली, "सांग तिले, पंडुम नाई झालं अजून." मी सांगतलं. ताई म्हणाली, "किती सुंदर!" पंडुमपर्यंत राह्यली. गायत्यानं दिलेला आंबा आमच्या ओसरीवर बसून खाल्ला, कोय चोखून चोखून. मायनं तिच्या हातावर पाणी घातलं.

आता परत हॉलात या.

चंद्रपूरची ती परिषद मोठी होती. सगळ्या शास्त्रांची. सकाळी विज्ञान, जेवणाआधी शिक्षण, जेवणानंतर मानसशास्त्र. सकाळी एका सरांनी मोहफुलातली साखर सांगतली. दुसऱ्यांनी आमच्याकडच्या रक्तातला सिकलसेलचा आजार सांगतला. मंग एका मॅडमनं आश्रमशाळेतून पोरं काऊन पळतात ते सांगतलं. मी मागं बसून ऐकून राह्यली होती. फुलं आमची, रक्त आमचं, पोरं आमची. राग नव्हता आला. उलट छाती फुगली होती. सिकलसेलवाले सर तर आमच्या गावात परत आले होते, घरोघरी तपासणीचं कार्ड दिलं, माझ्या भावाले कोणाशी लग्न जमवताना काय तपासायचं ते समजावलं. मले वाटे, अभ्यास म्हणजे हेच. घेऊन जायचं अन् परत येऊन सांगायचं.

मंग जेवण झालं. मंग ताईनं माझं नाव पुकारलं. मंग प्लेट.

हसणं थांबल्यावर ताई बोलाले लागली. ज्या मुलीले एक गोळी आवरत नव्हती ती आज पीएचडी करून राह्यली, हे योग्य मार्गदर्शनानं शक्य झालं, असं. मंग तिनं माझा विषय वाचला. 'आदिवासी बालकांतील आत्मनियंत्रणाचा अभाव: कारणे व उपाय.'

हा माझा विषय नव्हता. माझ्या विषयात अभाव नव्हताच.

माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल. गोंडीत बोल हवं तर, आवडेल सगळ्यांना."

मी मराठीत बोलली. "ताई, ती गोळी मी वाटली होती. तुम्ही मले विचारलं होतं, मी सांगतलं होतं. मंग इथं ते काऊन नाई लिहिलं?"

ताई हॉलकडं पाहून हसली. "किती गोड आठवण आहे ना? पण तो आपला आजचा विषय नाही."

अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. टाळ्या. मी विचारत होती अन् त्याइले वाटलं, कार्यक्रम चालू आहे.

हसले तेव्हा लागलं होतं. टाळ्यांनी मात्र आतून काहीतरी तुटलं. मी लहान असताना ह्या बाईनं स्वतःले ताई म्हणाले सांगतलं होतं, ते काऊन, हे तेव्हा समजलं. ताई म्हणलं का माणूस हिशेब मागत नाई.

"मॅडम," मी म्हणलं, "हा फोटो काढा."

आयुष्यात पहिल्यांदा मॅडम म्हणलं तिले. तिचा चेहरा उतरला. माइक दूर करून हळू म्हणाली, "नंतर बोलू."

"आत्ता काढा."

लॅपटॉपवाला पोरगा कधी तिच्याकडं पाहे, कधी माझ्याकडं. कोणी काही करेना. मंग मी माइक टेबलावर ठेवला अन् पडद्यासमोर जाऊन उभी राह्यली. फोटो माझ्या अंगावर पडला. अर्धा गाल माझ्या खांद्यावर, 'अभाव' माझ्या पोटावर. डोळ्यात तो लाइट भसकन घुसून राह्यला होता. पण हलली नाई. शेवटी कोणीतरी मशीन बंद केली अन् अध्यक्षांनी चहाची सुट्टी सांगतली.

बाजूच्या खोलीत तिनं दार लावलं. "तू माझी लाज काढलीस. मी तुझ्यासाठी काय नाही केलं?"

मी म्हणलं, "वाटलं ते काऊन लिहिलं नाई, तेवढं सांगा."

"चाचणी थांबण्याची होती. वाटणं मोजायला त्यात जागाच नव्हती."

"मंग आंब्याचं? ते तर थांबणंच आहे. तुम्ही डोळ्यानं पाह्यलं. पोरांचं पाह्यलं."

"ती संस्कृती आहे गं. ते आत्मनियंत्रण नव्हे."

बस. इथं सगळं समजलं मले. तिच्याकडच्या लेकरानं गोळीसमोर दम धरला तर ते डोकं. आमच्या लेकरानं आंब्यासमोर दम धरला तर ती रीत. आमची रीत तिले सुंदर वाटली, अक्कल नाई वाटली. आमच्या ओसरीवर कोय चोखतानाही नाई वाटली.

मंग तिनं मऊ आवाजात सांगतलं. उद्याच्या सत्रात माफी माग. विषय आहे तसाच राहू दे, मंजूर होईल, नाव होईल. नाही तर दुसरा गाईड शोध. "आणि तुला कोण घेणार, मला माहीत नाही," असंही म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिच्या शब्दापुढं जाणारं तिथं कोणी नाई.

मी मायची माळ काढून बॅगेत ठेवली. "मॅडम, हा विषय तुमचा आहे, तुम्हीच ठेवा. माझा मी घेऊन जाते."

दाराबाहेर आल्यावर खूप रडली. हॉलच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ. तिच्यासाठीच रडली, हेच तर वाईट. माणूस मेल्यावर रडतात तशी.

गावात आल्यावर मायले सांगतलं. ती टोरी फोडत बसली होती, मोहाच्या बिया. ऐकून घेतलं सगळं. मंग विचारलं, "तिनं आपल्या घरी पंडुमचा आंबा खाल्ला होता ना?"

"हो."

"गायत्याच्या हातचा?"

"हो माय."

"मंग असं कसं केलं तिनं?"

मायले काय सांगू? मी तिच्याजवळ बसून टोरी फोडाले लागली.

गोटूलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, ग्रामसभा बसली तेव्हा मी उभी राहून बोलली. एका काकानं म्हणलं, "पोरी, तुझं शिक्षण बुडन, जाऊ दे ना." गायता म्हणाला, "आमच्या लेकरांचं काय लिहिलं तिनं, ते वाचून दाखव." मी वाचलं. गोंडीत करून सांगतलं. अभावाले गोंडीत काय म्हणावं कळेना, तर सांगतलं, "म्हणते, तुमच्या लेकराले दम नाई." बाया हसल्या आधी. मंग कोणीच हसलं नाई.

आता आमच्या गावात ठरलं आहे. रक्त न्यायचं असो, माती न्यायची असो, का लेकराचं मन मोजायचं असो. आधी गोटूलात बसायचं. काय मोजणार ते सांगायचं, काय सोडणार तेही सांगायचं. जाताना कबूल करायचं का परत येऊन वाचून दाखवू. नाई जमत, तर आल्या पावली वापस. सिकलसेलवाल्या सरांनी हे न सांगता केलं होतं, म्हणजे करता येते.

मले अजून गाईड नाई. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडं माझ्या आधी तिचा फोन पोचला होता. विचारत राहीन. ह्या वर्षी आंबे लागले तेव्हा मी लेकरांसोबत झाडाखाली बसली, त्याइले विचारलं, त्याइनं सांगतलं ते लिहून त्याइलेच वाचून दाखवलं. एकीनं माझं चुकलेलं दुरुस्त केलं. काम सुरू आहे. शिक्का नंतर येईन.

तो फोटो अजून तिच्यापाशी आहे. मी लिहून मागतला, उत्तर नाई. ऐकते का पुढच्या परिषदेतही दाखवणार आहे, नागपूरले. दाखवू दे. नागपूरची बस मले माहीत आहे. ज्या हॉलात ती तो पडदा लावन, त्या हॉलात मी पडद्यासमोर उभी राहीन.