वनमालाबाईंची पाऊणकी

अन्याय वनमालाबाईंवर झाला. पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावरच्या शाळेच्या ओसरीत, चौदा पोरांच्या देखत. हे आधीच लिहून ठेवते, कारण गावात आता ‘बाईंनीच सोडलं’ अशी कुजबुज सुरू झाली आहे. बाईंनी सोडलं नाही. बाईंना काढलं.

त्या साठीच्या पुढच्या. मानधनावर शिकवायच्या. पर्समध्ये गेरूचा खडा, त्यामुळे बोटं कायम तांबडी. कुणाचा अपूर्णांक चुकला की गुडघे धरत सरळ खाली फरशीवर बसायच्या आणि म्हणायच्या, “खाली ये वं. फळ्यावर समजते ते फळ्यालेच समजते.”

मीही बाईंचीच विद्यार्थिनी. पाचवीत मी ‘पाऊण गुणिले पाच’चं उत्तर पंधरा विसांश काढलं होतं. वरच्या तीनलाही पाचनं गुणलं, खालच्या चारलाही. बाईंनी विचारलं, काहून? मी म्हणाले, “वरच्याले पाच देल्ले, मंग खालच्यानं काय घोडं मारलं?” बाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “पंधरा विसांश म्हंजे पुन्हा पाऊणच झालं नं बाप्पा. पाऊण घागर पाणी घेऊन तू पाच खेपा केल्या, अन् घरी पाणी एकाच खेपेचं?”

मग ओसरीतल्या पाच फरश्या. प्रत्येक फरशीचे खडूनं चार भाग करायचे, तीन गेरूनं भरायचे, एक कोरा. “आता पाचव्या फरशीतले तीन पाव उचला अन् पहिल्या तिघींच्या कोऱ्या घरात एकेक भरा.” उचलायचं म्हणजे इकडचा ओल्या फडक्यानं पुसायचा, तिकडचा रंगवायचा. तीन फरश्या पूर्ण तांबड्या, चौथी पाऊण, पाचवी कोरी. पावणेचार. मला कुणी सांगितलं नाही. मला दिसलं.

पाव, निम्मा, पाऊण यांचे जुने पाढे बाईंना मुखोद्गत होते. एकदा मी विचारलं, शिकवलं कोणी? त्या म्हणाल्या, “माह्या बापानं. शाळेच्या बाहीर उभं राहून त्यानं पाऊणकी आयकली, तशीच पाठ केली. आत कोणी घेतलं नाही, दाखोली त नाहीच. म्हणून मी दाखोतो.” एवढं बोलून परत गेरू घासायला लागल्या.

त्या सोमवारी तपासणीला साहेब आले. पोषण आहाराची पत्रकं वाटायला मीही गेले होते. साहेबांनी फळ्यावर तेच गणित मांडलं, पाऊण गुणिले पाच, आणि पाचवीतल्या रोशनीला उठवलं. ती निघाली ओसरीकडे.

“कुठे चाललीस?”

“फरशीवर, सर.”

साहेब मागोमाग आले. रोशनीनं भराभर रेघा मारल्या, गेरू भरला आणि पाचव्या फरशीपाशी थांबली. तिथं साहेबांचा बूट होता.

“सर, पाय काढा नं. माहे पाव हायेत तिथं.”

पोरं फिसकन हसली. तिथंच बिघडलं. साहेबांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. शेरेबुकात लिहिलं: इमारत विद्रूप, पद्धत कालबाह्य, मानधन आदेश पुढे चालू ठेवू नये. मग पोरांना फरशी धुवायला सांगितलं.

बाई म्हणाल्या, “पोरायले पुसाले लावू नोका. मी पुसतो.” आणि पुसलीही, त्या गुडघ्यांवर. मी पत्रकं हातात धरून उभी राहिले. चौकात माइक मिळाला की माझं तोंड थांबत नाही. तिथं मी उरलेली पत्रकं मोजत राहिले.

आता पाचवीची पोरं पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात बसतात. गेल्या आठवड्यात रोशनीची वही पाहिली. पंधरा विसांश. विचारलं तर म्हणाली, “ताई, आता फरशीवर बसू देत नाहीत.”

मी बाईंच्या घरी गेले, निवेदनाचा मसुदा घेऊन. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. “माह्या अपमानाच्या तीन ओळी कायले लिवल्या वं? खोड त्या. पोरगी अडकली म्हणून लिव. सह्या करणारे गल्लोगल्ली भेटतात, पोरापाशी मांडी घालून बसणारा भेटत नाही.” मी त्या ओळी खोडल्या. पण गेल्या दोन महिन्यांत ते निवेदन तीन टेबलांवर जाऊन परत आलं आहे.

येत्या शुक्रवारी सकाळी दहाला शाळेतच ग्रामसभा आहे. विषय एकच: पाचवीला वनमालाबाई परत हव्यात. ‘पुढच्या सभेत घेऊ’ असं तुम्हाला सांगतील. ऐकू नका. तुमचं पोर त्या शाळेत असो वा नसो, या, खाली बसा, आणि ठराव लिहून त्यावर शिक्का पडेपर्यंत उठू नका.