साक्षीच्या पिंजऱ्यात किबेसाहेब

श्रीपाद किबे यांच्या वडिलांनी सातारा सोडून लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरी धरली, तेव्हा श्रीपाद पाळण्यात होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं वाढलेलं हे पोर वकील झालं, मग न्यायाधीश, आणि १९७७ साली लखनौतच सत्र न्यायाधीश म्हणून आलं. खुनाचे खटले रोजचेच. रक्ताने माखलेले कपडे, सुरे, फुटलेल्या कवट्यांचे फोटो मेजावर यायचे, आणि संध्याकाळी साहेब घरी जाऊन निवांत वरणभात जेवायचे. मेजावर येणारं रक्त वाळलेलं असायचं.

पुढच्या वर्षी जयसिंगचा खटला त्यांच्यापुढे आला. अलीगंजकडच्या जमिनी बळकावणाऱ्या या गुंडाने, जागा सोडत नाही म्हणून एका दूधवाल्याला भर रस्त्यात कुऱ्हाडीने तोडलं होतं. बघणारे पुष्कळ होते. बोलायला एकटी दूधवाल्याची बायको लीलावती तयार झाली. पिंजऱ्यात उभं राहून तिने जयसिंगकडे बोट दाखवलं. "यही है, साहब."

मागच्या बाकावरून जयसिंगचा पुतण्या मोहन उठला. दोन्ही हातांत गावठी कट्टे. पहिली गोळी लीलावतीच्या गळ्यात घुसली आणि रक्ताची चिळकांडी साहेबांच्या मेजापर्यंत उडाली. दुसरी सुटली तेव्हा साहेब मेजाखाली होते. उठून पाहतात तो लीलावती कठड्यावर लोंबत होती, मोहन पसार झाला होता.

महिनाभराने तो सापडला. पण भरल्या कोर्टात कुणी काही पाहिलंच नव्हतं! शिपाई, कारकून, वकील, सगळ्यांचं एकच: "हम तो झुक गए थे."

साहेबांनी पोलिसांना सांगितलं, "मैंने देखा है. मेरा नाम लिखिए."

वरिष्ठांनी समजावलं, न्यायाधीशाने पिंजऱ्यात उभं राहणं शोभत नाही. "कायद्याची आडकाठी नाही ना?" एवढंच विचारून साहेब घरी आले. जयसिंगचा खटला दुसऱ्या कोर्टात गेला. लीलावतीची उलटतपासणी राहून गेली होती, तिची साक्ष लंगडी पडली आणि तो सुटला.

साहेबांच्या साक्षीच्या आठवडाभर आधी, दिवेलागणीला, त्यांच्या घराच्या व्हरांड्यात बॉम्ब पडला. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई तिथे वाळलेले कपडे काढत होत्या. साहेब धावले. बाईंच्या डाव्या हाताची बोटं उडाली होती, कानातून रक्त वाहत होतं. टॉवेलात बाईंचा हात गुंडाळताना साहेबांना वाटलं, मोहन आत्ता समोर असता तर याच हातांनी त्याचा गळा आवळला असता.

दवाखान्यात कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी प्रतिमा रडत होती. "पापा, छोड़ दीजिए ना. मम्मी मर जातीं तो?"

खाटेवरून पद्मिनीबाई म्हणाल्या, "ती बाई बोलली, म्हणून मेली. आता तुम्ही गप्प बसलात, तर माझा हात फुकट गेला."

कोर्टात बचावाच्या वकिलाने साहेबांना सोलून काढलं. "हुज़ूर तो मेज़ के नीचे थे?"

"दूसरी गोली पर. पहली पर मैं उसका चेहरा देख रहा था."

"डर गए थे?"

"बहुत."

"मुलज़िम से नफ़रत है आपको?"

आजवर साहेबांनी कुठल्याही आरोपीला साधं दरडावलंही नव्हतं.

"है," साहेब म्हणाले. "पत्नी का हाथ देखता हूँ, तो जी करता है इसे मार डालूँ. लेकिन गोली मेरी नफ़रत ने नहीं चलाई. इसी ने चलाई."

मोहनला जन्मठेप झाली. अपिलातही ती टिकली. जयसिंग मात्र मोकळाच फिरत राहिला. १९८३ साली हजरतगंजच्या चौकात त्याच्याच टोळीतल्या माणसाने त्याचं पोट फाडलं. बातमी वाचून साहेबांना बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

दोन वर्षांनी ते उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. शपथविधीला पद्मिनीबाई पहिल्या रांगेत होत्या. डाव्या कानाने ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी मान वळवून, उजवा कान पुढे करून, शपथेचा शब्दन् शब्द ऐकला.