न वाजलेली डबी

ती दुपार मी अजून विसरले नाय. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, पोलिसात फौजदार होते, रिटायर झाल्यापासून जुन्या केसेस लिहितात, पण ही केस तुझी, तूच सांग बोलले, फक्त नावं घालू नको. मी आठवी शिकलेली, येतं तसं सांगते.

आमचे हे बोटीवर असतात. बोट दुबईला दुरुस्तीला लागली म्हणून ह्यांनी मला नि बाळाला तिकडे बोलावलं, मोबाईलवर बघून एक खोली घेतली. फोटोत खिडकीतून समुद्र होता. गेलो तर समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, एसी गळतोय, गादीला वास. मी बोलले, आपल्या घरी मांडवीला दारातून समुद्र दिसतो, तो सोडून भिंत बघायला आणलंत होय. हे हसले. केअरटेकरने चावी देताना पलंगाच्या वर छताला लावलेली पांढरी डबी दाखवली, बोलला, धूर करू नका, ही वाजली की अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेईल.

हे सकाळी बोटीवर जायचे, मी नि बाळ दोघंच. मग ह्यांना केअरटेकरचे मेसेज यायला लागले, मॅडमला सांगा ओले कपडे पलंगावर टाकू नका, बाळाला पलंगावर भरवू नका. दार बंद, पडदे बंद, ह्याला कळतं कसं? ह्यांना सांगितलं तर, "अगो, सगळ्या बायका तेच करतात, अंदाजाने बोलतो तो. तुला भास होतोय." मला बाळाला पाजायचीपण भीती वाटायला लागली, मी बाथरूममध्ये बसून पाजायची.

बाबांचा रोज दुपारी नातवाला बघायला व्हिडिओ कॉल यायचा. त्या दिवशी मला रडूच आलं, सगळं सांगून टाकलं. बाबांचा आवाज बदलला.

"रडायचं नंतर. तुला काय वाटतं ते नको, काय बघितलंस ते सांग. मेसेज आला तेव्हा कपडे कुठे होते? पडदा कोणी लावलेला?"

तेच तेच उलटून विचारलं, मी तेच तेच सांगितलं. मग बोलले, "आज सकाळपासून काय काय केलंस?"

"काय नाय. बाळ किरकिर करत होतं म्हणून दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या तव्यावर टाकल्या. एवढीशी खोली, धुराने माझा ठसका थांबेना. नशीब, ती छतावरची धुराची डबी वाजली नाय."

बाबा एकदम हसून बोलले, "नातवाला जरा खाली फिरवून आण. फोन चालू ठेव."

खाली गेल्यावर बोलले, "आता ऐक. वर कोणी ऐकत असेल म्हणून हसलो. मिरचीच्या धुराला वाजली नाही, म्हणजे डबी बिघडलीय, नाहीतर तिच्यात दुसरंच काहीतरी आहे. उघडून बघणं पोलिसांचं काम. कोणी हात लावायचा नाही. तू वर जाऊ नको, नवऱ्याला बोलव."

हे धावत आले, पण बोलले, "परक्या मुलखात पोलीस कशाला? सामान उचलू, गुपचूप दुसरीकडे जाऊ." तेवढ्यात तोच केअरटेकर बिल्डिंगच्या दारातून आला, मागे एक बाई, कडेवर लेकरू, तिला दुसऱ्या खोलीची चावी देत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी पोलिसात जाते."

पोलीस ठाण्यात बाई अधिकारी होत्या, हिंदी येणारा माणूस बोलावला, माझा जबाब घेतला. मग खोलीवर येऊन डबी उघडली, आत कॅमेरा. केअरटेकर आधी नाहीच म्हणत होता. बाईंनी त्याचेच मेसेज त्याच्यासमोर धरले, पडदे बंद होते, मग तुला दिसलं कसं? त्याची मान खाली गेली. त्या लेकुरवाळीच्या खोलीतली डबीपण काढली. आमचं चित्रण बाहेर कुठे गेलेलं नाही, हे पुढे तपास झाल्यावर बाईंनी मला समोर बसवून सांगितलं.

बाबा बोलतात, घाबरून आलेल्या बाईला भास झाला म्हणून परत पाठवू नये, तिनेच सगळ्यात जास्त बघितलेलं असतं. माझी भीती काय गेली नाय. पण भीत भीतसुद्धा जबाब देता येतो, एवढं मला कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला दुसरीकडे खोली मिळाली. बॅग खाली ठेवायच्या आधी ह्यांनी विचारलं, "मिरच्या कुठायत गो?" स्वतः तवा तापवला. डबी अशी कोकलली की शेजारचे बाहेर आले, वॉचमन धावत आला, हे दारात हात जोडून सॉरी सॉरी करतायत. मी दार लोटून घेतलं, पलंगावर टेकले आणि त्या आवाजातच बाळाला पाजायला घेतलं.